ती बसायची ती बाजू

काचेच्या कारखान्यात माल चढवण्यावर देखरेख करणाऱ्या बाई आहेत. त्या फार बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "काचेवर तळहात ठेवा."

मी ठेवला. खिडकीची मोठी काच होती, ट्रकवरच्या तिरक्या चौकटीला टेकवून पट्ट्यांनी बांधलेली. गाडी न्यूट्रलला उभी, इंजिन चालू. काच हाताखाली शहारत होती. भिजलेलं मांजर हातात घेतल्यावर थरथरतं, तशी.

इंजिन बंद करा, असं कोणीही म्हणेल. पण माझ्या ट्रकवर काचा उचलायचा छोटा लोखंडी हात आहे आणि तो इंजिनाच्या जोरावर चालतो. माल चढेपर्यंत इंजिन चालू ठेवावंच लागतं.

"आधी असं नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं. म्हणून तर तुमची गाडी बोलावत आले. पण आता या गाडीवर मी काच चढवायची नाही. रस्त्यात कोपरा उडाला तर तुम्ही माझ्याकडे बघाल, मी कोणाकडे बघू? सोमवारी परत या. गाडी गुमान उभी राहिली तर माल तुमचा. नाही तर दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल. राग मानू नका."

राग आला नाही. त्यांचं बरोबर होतं. चढवलेली एक काच त्यांनी उतरवून घेतली आणि मी रिकामी गाडी घेऊन निघालो. रस्त्याला लागल्यावर गाडी नीट चालत होती. वेग घेतला की तिचं अंग शांत व्हायचं. सिग्नलला थांबलं की पुन्हा सुरू.

माझी बायको गेली त्याला वर्ष होत आलं. मुलीचं लग्न झाल्यापासून ती माझ्याबरोबर गाडीतच असायची. "घरी बसून काय भिंतींशी बोलू?" म्हणायची. आता मी घरी असलो की भिंती काय ते मला कळतं. दोन खोल्या आहेत. आलो की पंखा लावतो, खाटेवर बसतो, आणि मग पुढे काय करायचं ते आठवत नाही. गाडीत तसं होत नाही. गाडीत हाताला काम असतं, डोळ्यांना रस्ता असतो.

मुलगी रोज संध्याकाळी फोन करते. "बाबा, गाडी विका आणि इकडे या. मागची खोली रिकामीच आहे." ती मनापासून म्हणते. जावईही चांगला आहे. पण त्यांच्याकडे गेलो की आंघोळीला कधी जाऊ हेसुद्धा मला विचारावं लागतं. आजवर मी तिला एकच सांगत आलो, की काचेचं काम चालू आहे, ते अर्ध्यात टाकता येत नाही. ते काम गेलं असतं तर नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नसतं. गाडी विकली असती, मागच्या खोलीत गेलो असतो आणि तिथल्या पंख्याखाली बसलो असतो.

त्या संध्याकाळी फोनवर मी तिला बाईंचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "बघा, गाडीसुद्धा तेच म्हणतेय." मग नातीने फोन ओढून घेतला. तिला कुत्र्याची गोष्ट हवी होती.

ही गोष्ट आमच्या घरातली आहे. नात झाली त्या दिवशी आम्ही दोघं लांबच्या गावी माल उतरवत होतो. मुलीला दवाखान्यात नेलंय असा निरोप आला. मी कागदांवर सही घ्यायला आत गेलो. तिथे बराच वेळ मोडला, कारण सही करणारा माणूस जेवायला गेला होता. बाहेर आलो तर ही गाडीजवळ उभी. हात काळे आणि एक पाय अनवाणी.

"चप्पल कुठे?"

"कुत्र्याने नेली."

"आणि हात?"

"त्याच्यामागे पळाले, पडले. चला आता. पोरगी वाट बघतेय."

तिच्या चपला साध्या नव्हत्या. गाडीच्या पायरीवर चढउतार करून साधे तळवे महिन्यात फाटायचे, म्हणून मी तिला चांभाराकडून टायरच्या तळव्याच्या जाड चपला करवून दिल्या होत्या. मी म्हणालो, "टायर खाणारा कुत्रा मी तरी पाहिला नाही." ती म्हणाली, "दात चांगले असतील."

ती एका चपलेने दवाखान्यात शिरली. मुलगी कळा देता देता हसली. "आई एका पायाने आजी झाली," असं ती अजून म्हणते. पुढे ही गोष्ट वाढतच गेली. कुत्रा आधी तांबूस होता, मग काळा झाला, मग लंगडा, मग त्याच्या गळ्यात पट्टा आला. आजी गेली तरी नातीला झोपताना तोच कुत्रा लागतो. आता सांगायचं काम माझ्याकडे आहे. मला तिच्यासारखं जमत नाही. कुत्र्याचा रंग मी चुकवतो आणि नात माझ्यावर चिडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी रेडिओकडे नेली. रेडिओ म्हणजे आमचा मिस्त्री. तो कधी बंद होत नाही म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात. माझ्या बायकोला तो ताई म्हणायचा, त्यामुळे मी आपोआप दाजी झालो आणि माझी टिंगल करायचा हक्क त्याला मिळाला.

"काय दाजी, गाडी तुम्ही आणलीत की गाडीने तुम्हाला आणलं?"

"न्यूट्रलला हलते."

"वय झालं तिचं. तुम्ही काय कमी हलता?"

"मस्करी पुरे. सोमवारपर्यंत हवीय. नाही तर काचेचं काम गेलं."

ते ऐकून त्याने हात पुसले आणि बॉनेटवर ठेवले. आमच्या गाडीचं इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मध्ये आहे. त्यावर झाकण असतं, त्यालाच बॉनेट म्हणतात. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"कधीपासून?"

"नक्की सांगता येत नाही. ती गेल्यापासून वाटतंय."

रेडिओ जरा बंद पडला. मग म्हणाला, "दाजी, ताई गेल्यापासून तुम्हाला सगळंच हलल्यासारखं वाटत असेल. तसं वाटतं. पण मला गाडीचं सांगा."

"काचेच्या बाईंच्या हातालाही हललं."

"मग खरं असेल."

त्याने बॉनेट उघडलं आणि कामाला लागला. मी स्वतः मिस्त्री नाही, पण इतकी वर्षं गाडी चालवली की काय चाललंय ते समजतं. डिझेल इंजिन उभ्या उभ्या हलायला लागलं की पहिला संशय डिझेलवर. डिझेलमध्ये पाणी असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा पाइपातून कुठून तरी हवा शिरत असेल. त्याने फिल्टर बदलला. जुना उलटा करून बघितला, त्यात पाणी नव्हतं. मग टाकीकडून येणाऱ्या पाइपात पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि गाडी चालू करायला सांगितली. हवा असली तर नळीत बुडबुडे दिसतात. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. डिझेल एकसारखं वाहत होतं, एक बुडबुडा नाही.

"स्वच्छ," तो म्हणाला. "माझ्या घरच्या नळाला असं पाणी येत नाही."

मग नोझल. प्रत्येक सिलिंडरला डिझेल फवारणारं एक नोझल असतं. इंजिन चालू ठेवून त्यातल्या एकेकाच्या पाइपाचा नट ढिला करायचा. म्हणजे तेवढा सिलिंडर काम करायचा थांबतो. इंजिन अडखळलं तर तो चांगला होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीपासूनच झोपलेला. रेडिओ नट ढिला करायचा, इंजिन ठेचकाळायचं, तो नट आवळायचा आणि पुढच्यावर जायचा. बोलणं चालूच.

"हा जागा आहे. हा पण जागा. हा तर ओरडतोय, बाबा रे, आवळतो, आवळतो. हा पण कामाला आहे. दाजी, तुमच्या घरात सगळे कामाचे."

सहाच्या सहा चांगले निघाले. धूरही साफ होता. त्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला लावून सगळीकडे ऐकलं. मग स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि डोकं खाजवलं.

"कानाला इंजिन बरोबर आहे," तो म्हणाला. "हाताला बिघडलंय."

"म्हणजे?"

"तेच तर मला कळत नाही."

दुपार झाली. नोझल सगळी काढून तपासायला पाठवू या, असं तो म्हणायला लागला. ती परत यायला चार-पाच दिवस लागले असते. सोमवार हातचा गेला असता. मी टायरवर बसून राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"थांबा. तुम्ही चढा वर. मी रेस कमी-जास्त करतो. कुठे जास्त हलतंय तेवढं मला सांगा. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, तुम्ही पलीकडे बसा."

पलीकडे म्हणजे तिच्या जागी.

ती गेल्यापासून त्या सीटवर कोणी बसलं नव्हतं. मी तिथे कधी पिशवीही ठेवली नाही. रेडिओच्या हे लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्याने दाखवलं नाही. तो इंजिनाच्या पलीकडून म्हणाला, "बसताय ना दाजी?" मी पायरीवर पाय ठेवला आणि चढलो.

तिच्या सीटवरून गाडी वेगळीच दिसते. आरसा माझ्याकडे बघत नव्हता, रस्ता जवळ वाटत होता. समोर डॅशबोर्डच्या कडेला ती टाच टेकवायची तिथे रंग गेला होता. मी ते आधी पाहिलं नव्हतं. माझ्या बाजूने ते दिसतच नाही.

रेडिओने रेस कमी केली. इंजिन सावकाश फिरायला लागलं.

"काय म्हणतंय?"

"हलतंय."

"कुठे?"

मी पाय जमिनीवर सपाट ठेवले. माझ्या जागेवर बसलं की सगळी गाडी हलते असं वाटायचं. इथे तसं नव्हतं. इथे पायाखाली कोणीतरी हातोडीने हळूहळू ठोकत होतं. बॉनेटकडच्या पायाला जास्त, दाराकडच्या पायाला कमी. मी पाय मागे घेतला. मागे आणखी जास्त.

"इथे," मी म्हणालो. "सीटच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यात. थरथर नाही रे ही, ठोके आहेत."

रेडिओने गाडी बंद केली. आणि तो गप्प राहिला, म्हणजे त्याला काहीतरी सापडलं होतं.

"दाजी, इंजिन बिघडलेलंच नाही," तो उतरता उतरता म्हणाला. "इंजिन आपल्या जागी हलणारच, डिझेल आहे ते. त्याचं हलणं गाडीच्या सांगाड्यात उतरू नये म्हणून त्याच्या खाली रबराची बैठक असते. माउंटिंग. त्या कोपऱ्यातलं रबर गेलंय. लोखंड लोखंडावर बसलंय. मी सकाळपासून माणसाची नाडी बघतोय आणि खाट मोडलेली आहे."

तो दिवा घेऊन गाडीखाली सरकला. मीही पलीकडून सरकलो. ती जागा सायलेन्सरच्या पाइपामागे आहे, चिखलाने आणि ऑइलने भरलेली. त्याने पट्टीने खरवडलं.

"हे बघा. रबर फाटून कधीच बाहेर गेलंय. पण मधे काहीतरी दाबून बसवलंय कोणीतरी. तेही आता पार चपटं झालंय." पक्कड लावून त्याने ओढलं. निघेना. "माझ्या गाडीत असला उद्योग कोणी केला? मला न विचारता?"

त्याने इंजिनाच्या तळाशी ऑइलचा चेंबर असतो, त्याखाली फळी ठेवली, फळीखाली जॅक लावला आणि इंजिन बोटभर उचललं. मग ती वस्तू निघाली. काळी, चपटी, कडेने चुरा झालेली. त्याने ती माझ्याकडे सरकवली. "टायरचा तुकडा. घ्या, आठवण म्हणून."

मी गाडीखालून बाहेर आलो आणि डिझेलच्या फडक्याने ती पुसली. एका कडेला पट्ट्याचं तुटकं टोक होतं. तिथे चांभाराने मारलेल्या खिळ्याचं डोकं होतं. पुढच्या बाजूला, अंगठा येतो तिथे, खोलगट झालं होतं. एवढी चेपली होती तरी ती खोलगट जागा कळत होती. बोट बरोबर तिथे बसलं.

मी हसायला लागलो. रेडिओ बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिला. मग हसणं बदललं आणि तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला.

"काय झालं, दाजी?"

"कुत्र्याने नेली होती ही."

त्याला गोष्ट माहीत होती. ती सगळ्यांना माहीत होती. त्याने माझ्या हातातली चप्पल घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"ताईने?"

"मी सही घ्यायला आत गेलो होतो. तिच्या पायाखाली ठोके पडले असतील. माझ्याआधी तिलाच कळणार, तीच तिथे बसायची."

"मग तुम्हाला का नाही सांगितलं?"

"मी एक नट ढिला असला तरी गाडी हलवत नाही. तुला माहीत आहे. त्या परक्या गावात मी गॅरेज शोधत बसलो असतो. आणि तिकडे पोरगी..."

"हं," रेडिओ म्हणाला. "पण दाजी, हे सोपं काम नाही. जॅक नुसता लावला असता तर चेंबर फुटला असता. खाली फळी ठेवूनच उचललंय तिने. किती उचलायचं हेही बरोबर. जास्त उचललं असतं तर पाइप तुटला असता. कोणी शिकवलं तिला?"

"तूच."

"मी? मी कधी?"

"तू काम करताना ती तुझ्याजवळ बसायची. आणि तू कधी बंद होत नाहीस."

त्याने चप्पल पुन्हा एकदा उलटी करून बघितली. मग उठला. फडक्याने नाक पुसलं, आणि नाकाला काळं लागलं ते त्याला कळलं नाही. "माझ्या नाकाखाली इतके दिवस," तो पुटपुटला. "किती वेळा ऑइल बदललं मी या गाडीचं. ताई बाजूला बसून हसत असेल."

नंतर तिने मला का सांगितलं नाही, याचा मी त्या दिवशी विचार केला. गाडी हलायची थांबली होती. कदाचित सांगायचं राहून गेलं. किंवा तोवर कुत्रा इतका छान झाला होता की त्याला मारून टाकणं तिच्या जिवावर आलं. हे दुसरं कारणच खरं असावं, असं मला वाटतं.

रेडिओने नवीन माउंटिंग आणली आणि चारी बदलली. एक गेलं की बाकीचीही थकलेली असतात, म्हणाला. काम रविवारी दुपारी संपलं. त्याने पाण्याने भरलेला पेला बॉनेटवर ठेवला आणि गाडी चालू केली. पाण्यावर बारीक गोल उमटले आणि तेवढेच राहिले. पेल्याने जागा सोडली नाही.

"घ्या. आता हिच्यावर बाळ निजवा." मग त्याने बाकावरची चप्पल उचलली. "ही टाकू?"

"दे इकडे."

सोमवारी मी कारखान्यात पहिलाच होतो. बाईंनी एकच काच चढवायला लावली, पट्ट्या बांधल्या आणि तळहात ठेवला. डोळे मिटून उभ्या राहिल्या. लोखंडी हात वर-खाली करायला सांगितला. मी केला. त्यांनी पुन्हा हात ठेवला.

"काय झालं होतं?"

"रबर गेलं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"चढवा," त्या आतल्या माणसांना म्हणाल्या आणि दुसऱ्या गाडीकडे गेल्या.

काचा चढत होत्या तेवढ्यात मुलीचा फोन आला. एरवी ती सकाळी करत नाही.

"काय ठरलं, बाबा?"

"माल चढतोय."

"म्हणजे येणार नाही तुम्ही."

"येईन की. हा माल उतरवला की गाडी घेऊनच येतो. दोन दिवस राहतो."

"दोनच दिवस."

"दोन दिवस मी मागच्या खोलीत राहतो आणि मग तूच म्हणशील, बाबा, निघा आता."

ती हसली नाही, पण भांडलीही नाही. "बरं. बिघाड काय होता एवढा?"

"कुत्रा सापडला."

"कोणता कुत्रा?"

मी तिला सगळं सांगितलं. मागे काचा चढत होत्या, माणसं एकमेकांना ओरडून सांगत होती, त्यामुळे मला दोनदा सांगावं लागलं. जॅक, फळी, रबर, अंगठ्याची जागा. चप्पल सध्या तिच्या आईच्या सीटवर ठेवलीय हेही सांगितलं. सांगून झाल्यावर पलीकडून आवाज आला नाही. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. ती रडतेय हे मला कळत होतं आणि ती आवाज होऊ देत नव्हती. गाडी शेजारी चालू होती. मी एक हात तिच्या दारावर ठेवला होता.

बऱ्याच वेळाने मुलीने नाक ओढलं.

"बाबा, पोरगी विचारेल. कोणत्या रंगाचा होता?"

"काळा," मी म्हणालो. "ऑइलने."